बी.एड. नाही, टेफल नाही, तरी बाहेर इंग्रजी शिकवायला जायचंय? आधी कागद बघा

परवा मावसबहिणीच्या मैत्रिणीचा फोन आला, ताई तू थायलंडला शिकवायला होतीस ना, तुझं तर बी.एड. नव्हतं, मग तुला घेतलं कसं, मलाही जायचंय. तासभर बोललो. फोन ठेवला आणि वाटलं हे एकदा नीट लिहूनच काढावं, कारण हाच प्रश्न मला आत्तापर्यंत निदान पंधरा-वीस जणांनी विचारलाय आणि प्रत्येकाची सुरुवात चुकीच्या टोकापासून होते. सगळे विचारतात बी.एड. किंवा टेफल, म्हणजे परदेशी लोकांना इंग्रजी शिकवण्याचं सर्टिफिकेट, नसेल तर चालेल का. अहो चालतं, बऱ्याच ठिकाणी चालतं. आपल्याला अडवतात ते दुसरेच तीन कागद, डिग्री, पासपोर्ट आणि शाळेचं माध्यम. या तिघांवर तुमचा देश ठरतो. म्हणून नोकरी शोधायच्या आधी हे तीन कागद टेबलावर मांडा, मग पुढचं.

माझं सांगते म्हणजे अंदाज येईल. मी कराडची, बी.कॉम. झालेली, चौथीपर्यंत मराठी माध्यम आणि पाचवीपासून सेमी-इंग्लिश. कराडला दोन वर्षं स्पोकन इंग्लिशचे क्लास घेतले होते, तेवढाच अनुभव. त्याच्या जोरावर थायलंडच्या ईशान्य भागात, नाखोन रात्चासिमा प्रांतात, ज्याला सगळे कोरात म्हणतात, तिथे एका सरकारी शाळेत दोन वर्षं शिकवलं. त्याच्या आधी जपानचा प्रयत्न केला होता, तो का बारगळला ते पुढे येईलच.

डिग्रीचा कागद

कुठल्याही विषयाची डिग्री चालते, बी.कॉम., बी.एस्सी., इंजिनिअरिंग, काहीही. पण डिग्री हवीच. बारावीवर कायदेशीर शाळेची नोकरी मिळेल असं कोणी सांगत असेल तर तिथेच थांबा, एवढं एक लक्षात ठेवलंत तरी निम्म्या फसवणुकी टळतात. आणि डिग्री म्हणजे शेवटच्या वर्षाची मार्कशीट नाही, पासिंग सर्टिफिकेट नाही, कॉलेजच्या शिक्क्याचं प्रोव्हिजनलही नाही. विद्यापीठाचं पदवी प्रमाणपत्र, ज्याला आपण कॉन्व्होकेशन सर्टिफिकेट म्हणतो ते. आपल्याकडे कितीतरी जण ते काढतच नाहीत कारण इथे नोकरीला कोणी मागत नाही. मीही काढलं नव्हतं, शिवाजी विद्यापीठात अर्ज करून, फी भरून, कोल्हापूरला दोन चकरा मारून हातात आलं आणि तोपर्यंत एक शाळा हातची गेली होती. तर हे काम आजच सुरू करा, जायचं नक्की नसलं तरी.

आता दुसरी अडचण, जी महाराष्ट्रातल्या मुलांना हमखास येते. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि खाली आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर मात्र नाव आणि आडनाव वेगवेगळ्या रकान्यात, कधी वडिलांचं नाव मध्ये असतं, कधी नसतं. लग्नानंतर नाव बदललेलं असेल तर आणखी घोळ. आपल्याला बघितल्याबरोबर कळतं की माणूस एकच आहे पण कोरातच्या ऑफिसात बसलेल्या बाईंना ते कसं कळणार, त्यांना ही दोन वेगळी माणसं दिसतात. त्यामुळे सगळे कागद एकाखाली एक ठेवून स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून बघा, फरक असेल तर नोटरीचं अफिडेव्हिट करून ठेवा, आणि मोठा बदल असेल तर गॅझेटमध्ये नाव बदलून पासपोर्ट नवीन काढा. हे महिन्यांचं काम आहे, आठवड्याचं नाही.

मग येतं अटेस्टेशन, म्हणजे डिग्री खरी असल्याचे सरकारी शिक्के. आधी विद्यापीठाकडून पडताळणी, मग राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालय. भारत २००५ पासून हेग करारात आहे त्यामुळे त्या करारातल्या देशांसाठी, उदाहरणार्थ जपान, कोरिया, फ्रान्स, अपोस्टिल हा एकच स्टिकर पुरतो. जे देश करारात नाहीत तिथे वरून त्यांच्या दूतावासाचा शिक्का लागतो. सरकारी फी किरकोळ असते, पैसे जातात ते मधल्या एजंटांना, आणि घाई असेल तर ते वाट्टेल तो आकडा सांगतात. पण सगळ्याच शाळांना सगळं लागत नाही, म्हणून शाळेला आधी ईमेलवर लेखी विचारा की मूळ प्रत चालेल की अटेस्टेड हवी, फोनवर नको, लेखीच. सोबत पोलीस क्लिअरन्स, म्हणजे पीसीसी, तो पासपोर्ट सेवाच्या वेबसाइटवरून अर्ज करून मिळतो. पण तो फार लवकर काढू नका, बऱ्याच ठिकाणी ताजा मागतात, नोकरी दिसायला लागली की मगच काढा.

पासपोर्टनुसार देश

हे जरा कडू आहे पण खरं आहे. इंग्रजी शिकवायच्या जाहिरातींत नेटिव्ह स्पीकर म्हणून लिहिलेलं असतं ते तुमच्या उच्चारांबद्दल नसतं, पासपोर्टबद्दल असतं. अमेरिका, इंग्लंड, आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका, हे सात देश. तुम्ही घरी कितीही उत्तम इंग्रजी बोलत असाल तरी पासपोर्ट भारतीय म्हटल्यावर तुम्ही नॉन-नेटिव्ह, जाहिरातींच्या भाषेत नॉन-एनईएस. मला याचा राग यायचा, अजूनही येतो, कारण वर्गात कोण चांगलं शिकवतं याच्याशी पासपोर्टचा काही संबंध नाही आणि मी ते डोळ्यांनी बघितलंय. पण राग बाजूला ठेवून जिथे दार उघडं आहे तिथेच अर्ज करायचे, नाहीतर सहा महिने फुकट जातात.

दक्षिण कोरियाचा ई-२ विसा त्या सात देशांसाठीच आहे. भारत-कोरिया करार २०१० पासून लागू झाला त्यात भारतीयांना इंग्रजीचे सहाय्यक शिक्षक म्हणून वाट ठेवलीय खरी, पण त्यासाठी डिग्रीबरोबर शिक्षकाचं सर्टिफिकेट लागतं, म्हणजे आपल्या आजच्या विषयात ते बसत नाही. चीनमध्येही इंग्रजी शिकवायला त्याच देशांचा पासपोर्ट किंवा तिथली डिग्री अशी अट सहसा असते. तरीही तुम्हाला कोणीतरी म्हणेलच की बिझनेस विसावर या, आल्यावर बघू. आल्यावर बघू म्हणजे पकडले गेल्यावर दंड, कोठडी आणि परत पाठवणी, दुसरं काही नाही. व्हिएतनामला भारतीय शिक्षक आहेत, पण तिथल्या वर्क परमिटला डिग्रीसोबत शिकवण्याचं सर्टिफिकेट मागतात, त्यामुळे व्हिएतनामच डोक्यात असेल तर १२० तासांचा टेफल कोर्स करून टाका, तेवढ्यासाठी हट्ट धरू नका. आखातातल्या शाळांना बहुतेक ठिकाणी बी.एड. लागतंच, तिथे बी.एड.शिवाय मिळतं ते नर्सरीत मदतनीस किंवा क्लासमध्ये, आणि पगार त्या मानाने कमी.

जपानचं माझ्या मनाला लागलेलं आहे. तिथे सर्टिफिकेट लागत नाही, डिग्री कुठलीही चालते, सरकारी शाळांत एएलटी म्हणजे सहाय्यक भाषा शिक्षक म्हणून भारतीय आणि फिलिपिनो बरेच आहेत. पण शाळेत शिकवण्याच्या इन्स्ट्रक्टर विसाला एक अट आहे, ज्या भाषेत शिकवणार त्या भाषेच्या माध्यमातून १२ वर्षं शिक्षण झालेलं पाहिजे. बारा म्हणजे बारा, कॉलेजची वर्षं धरून. मी मुलाखत दिली, डेमो चांगला झाला, त्यांनी शाळांचे बोनाफाईड मागवले, आणि माझ्या शाळेच्या दाखल्यावर माध्यम मराठी. सेमी-इंग्लिश म्हणजे काय हे समजावणारं पत्र हेडसरांनी प्रेमाने लिहून दिलं, पण गणित आणि विज्ञान इंग्रजीत म्हणजे पूर्ण माध्यम इंग्रजी होत नाही. तिथेच संपलं. त्यामुळे तुम्ही पहिलीपासून इंग्लिश मीडियमला असाल तर जपान हा तुमचा पहिला पर्याय धरा आणि प्रत्येक शाळेतून आणि कॉलेजमधून माध्यम इंग्रजी होतं असं स्पष्ट लिहिलेलं पत्र लेटरहेडवर, शिक्क्यासकट, आत्ताच घेऊन ठेवा. शाळा बंद पडतात, मुख्याध्यापक बदलतात, जुनी रजिस्टरं सापडत नाहीत. आणि दोन-चार वर्षं कमी पडत असतील तर भारतातल्या इंग्रजी माध्यमाच्या डिग्रीची वर्षं पण जोडून बघा, बेरीज बारा झाली तर विचारायला हरकत नाही.

मराठी माध्यमवाल्यांसाठी, म्हणजे माझ्यासारख्यांसाठी, थायलंड हा सगळ्यात सरळ रस्ता. तिथे खरं तर शिक्षकाचं लायसन्स लागतं, पण शाळा तुमच्यासाठी तिथल्या शिक्षक परिषदेकडे, ज्याला खुरुसफा म्हणतात, तात्पुरती परवानगी मागते आणि ती दोन वर्षांची मिळते. लायसन्स नाही, बी.एड. नाही, तरी कायदेशीर शिकवता येतं ते याच्यामुळे. अर्ज शाळेने करायचा असतो, तुम्ही नाही, त्यामुळे मुलाखतीत हा शब्द तुम्ही स्वतःहून काढा, खुरुसफाचा वेव्हर, म्हणजे हीच तात्पुरती परवानगी, तुम्ही करून देता का. समोरचा गडबडला तर समजून जा. नॉन-नेटिव्हला इंग्रजीच्या परीक्षेचा स्कोअर मागतात, बहुतेक ठिकाणी टोइक ६०० च्या वर म्हणतात, एकूण ९९० पैकी. आयईएल्ट्सपेक्षा टोइक स्वस्त पडते आणि बँकॉकमध्येही देता येते, पण जाण्याआधी स्कोअर हातात असला तर पगाराच्या बोलणीत जोर येतो. मी ८५५ घेऊन गेले होते.

शाळा शोधायची कशी

थायलंडचं शालेय वर्ष मेच्या मध्यावर सुरू होतं आणि दुसरं सत्र नोव्हेंबरमध्ये. म्हणजे भरती मार्च ते मे जोरात, आणि पुन्हा ऑक्टोबरला. एप्रिलमध्ये सोंगक्रानला सगळं बंद असतं, तेव्हा मेलला उत्तर आलं नाही म्हणून खचू नका. जाहिराती अजार्न डॉट कॉमवर बघा, तिथे वर्षानुवर्षं थायलंडच्या शिक्षकांच्या जाहिराती येतात. अजार्न म्हणजे आपला आचार्य, आणि शाळेतल्या शिक्षकाला ख्रू म्हणतात तो आपला गुरू, हे मला तिथे गेल्यावर कळलं आणि फार बरं वाटलं. जूनच्या सुमाराला वाय ख्रू म्हणून मुलं शिक्षकांना वंदन करतात तेही गुरुवारी, पहिल्या वर्षी एका सातवीतल्या मुलीने गुडघ्यावर बसून दूर्वा आणि फुलांची छोटी ताटली माझ्या हातात दिली तेव्हा मला आमच्या शाळेतली गुरुपौर्णिमाच आठवली.

बँकॉकच्या मागे लागू नका. तिथे आणि पर्यटनाच्या ठिकाणी नेटिव्ह लोकांची गर्दी, आपला नंबर शेवटी. कोरात, सुरिन, उबोन, रोई एट अशा इसानमधल्या, म्हणजे ईशान्य थायलंडमधल्या, गावांमध्ये शाळांना शिक्षक टिकत नाहीत, तिथे तुमचा अर्ज वाचला जातो. सीव्ही एक पानाचा, वर हसरा फोटो, फॉर्मल कपड्यात, तिथे फोटोशिवाय सीव्ही कोणी बघत नाही. आणि अनुभव शून्य आहे असं लिहू नका, कारण बहुतेकांचा शून्य नसतो. चाळीतल्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या, कॉलेजात एनएसएसच्या कॅम्पमध्ये मुलांना शिकवलं, ऑफिसमध्ये नवीन लोकांना ट्रेनिंग दिलं, हे सगळं शिकवणंच आहे, किती मुलं, कुठलं वय, किती महिने ते आकड्यात लिहा. जे केलं नाही ते मात्र अजिबात लिहू नका. बँकॉकच्या खाओ सान रोडवर खोट्या डिग्र्या विकायला असायच्या हे तिथल्या प्रत्येक शाळेच्या ऑफिसला माहिती आहे, त्यामुळे ते विद्यापीठाला मेल करून विचारतात.

सीव्हीसोबत दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ पाठवा, त्याने सर्टिफिकेट नसल्याची भरपाई होते असा माझा अनुभव आहे. घरातली पांढरी भिंत, खिडकीकडे तोंड, मोबाईल पुस्तकांच्या गठ्ठ्यावर. स्वतःबद्दल चार वाक्यं आणि मग प्रत्यक्ष काहीतरी शिकवा, समोर सहा वर्षांची मुलं बसलीत असं धरून. भाचरं असतील तर त्यांनाच बसवा.

डेमो

डेमोबद्दल जरा सविस्तर सांगते कारण तिथेच नोकरी मिळते किंवा जाते. आपण भारतीय लोक डेमो म्हटलं की ग्रामर समजावायला लागतो, आज आपण प्रेझेंट कंटिन्युअस बघणार आहोत, फळ्यावर सूत्र, सब्जेक्ट प्लस इज आर प्लस व्हर्ब. मीही पहिल्या दोन मुलाखतींत तेच केलं आणि दोन्हीकडून नंतर काही कळवलंच नाही. तिसऱ्या वेळेला मी पाण्याची बाटली, कंगवा, चमचा आणि टॉवेल घेऊन बसले. काही समजावलं नाही. पाणी प्यायले आणि म्हणाले आय अॅम ड्रिंकिंग. केस विंचरले, आय अॅम कोमिंग माय हेअर. मग चमचा उचलला आणि गप्प राहिले, स्क्रीनवरच्या मॅडमकडे बघत, आणि त्या स्वतःच म्हणाल्या यू आर ईटिंग. मग टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि हात असा हलवला की व्हॉट अॅम आय डुइंग, तर त्यांच्या मागे बसलेली क्लार्क मुलगी पण हसत उत्तर द्यायला लागली. सात-आठ मिनिटांत मी जेमतेम वीस वाक्यं बोलले असेन, बाकी त्याच बोलल्या. दुसऱ्या दिवशी ऑफर लेटर. नियम एकच, तुम्ही कमी बोला आणि समोरच्याला बोलायला लावा.

आणि उच्चारांची तयारी करा, आपल्या मराठी माणसांच्या चुका ठरलेल्या असतात. व्ही आणि डब्ल्यू आपल्याला एकच व, त्यामुळे वेस्ट आणि व्हेस्ट सारखंच येतं. व्ही म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकले पाहिजेत आणि डब्ल्यूला ओठांचा चंबू झाला पाहिजे, आरशासमोर दोन आठवडे करा, बसतं. झू म्हणताना काहींचा जू होतो, फॅनचा फ मराठी फळातल्या फ सारखा निघतो. आय अॅम हॅविंग टू ब्रदर्स, आय पास्ड आउट इन ट्वेंटी ट्वेंटी, ही वाक्यं आपल्याकडे सगळे बोलतात पण मुलाखतीत खटकतात. अमेरिकन अॅक्सेंट आणायचा प्रयत्न मात्र करू नका, मध्येच सुटतो आणि खोटं वाटतं. सावकाश, स्पष्ट, शब्दाच्या योग्य अक्षरावर जोर, एवढं पुरे.

फसवणूक, हे वगळू नका

कळकळीने सांगते. इंग्रजी येणारी, ग्रॅज्युएट, नोकरी शोधणारी, पासपोर्ट तयार असलेली मुलं नेमकी कोणाला हवी असतात माहिती आहे ना, म्यानमार आणि कंबोडियातल्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांना. तिथे मुलांना कोंडून ठेवून चॅटवर लोकांना लुबाडायला लावतात. मार्च २०२५ मध्ये भारतीय वायुदलाच्या विमानांनी थायलंडच्या माए सोतहून अशा अड्ड्यांतून सुटलेल्या ५०० हून जास्त भारतीयांना परत आणलं. त्यातल्या कितीतरी जणांना थायलंडमध्ये चांगली नोकरी म्हणूनच नेलं होतं, बँकॉकला उतरवून तिथून गाडीने सीमेपलीकडे. कंबोडियात खऱ्या शाळाही आहेत आणि तिथे भारतीय शिकवतातही, पण लांबून खरं-खोटं ओळखणं अवघड, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने तो देश निवडू नये असंच मी म्हणेन.

तिकीट काढायच्या आधी काय करायचं तर शाळेचा नंबर एजंटकडून घ्यायचा नाही, शाळेच्या स्वतःच्या वेबसाइटवरून किंवा फेसबुक पेजवरून घ्यायचा आणि त्यावर फोन करायचा. व्हिडिओ कॉल शाळेतूनच हवा, वर्ग दाखवा म्हणायचं, फाटकावरचं नाव दाखवा म्हणायचं, खऱ्या शाळेला याचं काही वाटत नाही. आधीच्या भारतीय किंवा फिलिपिनो शिक्षकाशी बोलणं करून द्या म्हणायचं. विसाचं नाव लेखी घ्यायचं, थायलंडसाठी ते नॉन-इमिग्रंट बी, आणि तो भारतातून निघायच्या आधी हातात असला पाहिजे. टुरिस्ट म्हणून या मग इथे बदलून देऊ म्हणाले तर नको म्हणा. माझ्या पहिल्या वर्षी आमच्या शेजारच्या गावात एका एजन्सीने, नाव नाही घेत, दोन मुलींना असंच आणलं होतं, दर दोन महिन्यांनी रात्रीच्या बसने लाओसच्या सीमेवर पाठवायचे शिक्का मारून आणायला, पगार अडला तेव्हा त्या तक्रार तरी कुठे करणार, कागदावर तर त्या पर्यटक. एक जण शेवटी माझ्या खोलीवर अकरा दिवस राहिली आणि तिच्या बाबांनी तिकिटाचे पैसे पाठवल्यावर घरी गेली.

एजंटमार्फत जात असाल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे, त्यात नाव आणि लायसन्स नंबर शोधा, मुंबईतले बरेच सापडतील. त्यांना कायद्याने जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावतीवर. दीड-दोन लाख मागणारा माणूस कायदा मोडतोय हे त्याला माहिती असतं, आता तुम्हालाही माहिती झालं. मूळ पासपोर्ट आणि मूळ डिग्री कोणाकडेही ठेवायला द्यायची नाही. तिथे ऑफिसच्या कामाला दिली तर त्याच दिवशी परत.

पैशाचं

नॉन-नेटिव्हला पगार कमी असतो, तोच वर्ग, तीच मुलं, तरी. माझा सुरुवातीला २२,००० बात होता, शेजारच्या वर्गातल्या इंग्लंडच्या मुलाला ३५,०००. बात म्हणजे तिथलं चलन, साधारण अडीच-तीन रुपयांच्या आसपास धरा. खोली ३,५०० ला, वीज-पाणी वेगळं, शाळेत दुपारचं जेवण फुकट, संध्याकाळी बाजारात भात आणि भाजी ४०-५० बातमध्ये. शाकाहारी असाल तर जे हा शब्द शिका, पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलेला असतो, तिथे सगळं शाकाहारी मिळतं, पण लसूण-कांदाही नसतो. काटकसरीने महिना सहा-सात हजार बात मागे पडायचे. श्रीमंत व्हायला जात असाल तर ही ती नोकरी नाही. आणि करार १२ महिन्यांचा आहे की १० चा हे नीट बघा, मार्च-एप्रिलच्या सुट्टीचा पगार बऱ्याच एजन्सी देत नाहीत. पहिला पगार हातात येईपर्यंत दीड महिना जातो, तेवढे घरून घेऊन जा, लाखभर रुपये तरी.

अजून दोन-तीन वाटा

फ्रेंच शिकलेल्यांनी हे जरूर बघा. फ्रान्सच्या शाळांमध्ये इंग्रजीचे सहाय्यक म्हणून भारतीय मुलं घेतात, फ्रेंच दूतावासाची संस्था भारतातून निवड करते. ऑक्टोबर ते एप्रिल सात महिने, आठवड्याला १२ तास, भत्ता साधारण ८०० युरो, ज्यात छोट्या गावात निभतं. शिकवण्याचं सर्टिफिकेट लागत नाही, लागतं ते कामापुरतं चांगलं फ्रेंच. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला किंवा आलियाँस फ्राँसेजला जे शिकतायत त्यांनी आपल्या सर-मॅडमना आजच विचारा, अर्ज बरेच महिने आधी करावा लागतो. मला वाटतं आपल्याकडच्या पोरांसाठी यापेक्षा स्वच्छ मार्ग दुसरा नाही, एजंट नाही, फसवणूक नाही.

कॉलेजात असाल तर आयसेक या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या शिकवण्याच्या इंटर्नशिप असतात, वय तिशीच्या आत लागतं, फी भरावी लागते आणि मिळतं थोडं, पण अनुभवाचं पत्र मिळतं.

आणि घर सोडणं सध्या जमत नसेल, लहान बाळ असेल, आई-बाबांचं आजारपण असेल, तर परदेशातल्या लोकांना घरबसल्या शिकवा. प्रेप्ली आणि आयटॉकी या त्यासाठीच्या वेबसाइट. प्रेप्लीवर सर्टिफिकेट नसलं तरी चालतं, आयटॉकीवर कम्युनिटी ट्यूटर म्हणून नाव घालता येतं. प्रेप्ली नवीन विद्यार्थ्याच्या पहिल्या तासाचे सगळे पैसे स्वतः ठेवते आणि नंतर ३३ टक्के कापते, तास वाढले की कमी होत १८ टक्क्यांपर्यंत येतं, आयटॉकी १५ टक्के घेते, हे आधीच धरून दर ठरवा. सुरुवातीला तासाला पाच-सहा डॉलर ठेवा, पंधरा-वीस चांगले अभिप्राय आले की वाढवा. जपानची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, त्यांचे रात्रीचे आठ म्हणजे आपले दुपारचे साडेचार, त्यामुळे दुपार मोकळी असणाऱ्या बायकांना हे फार सोयीचं पडतं. सगळ्यांना सगळं शिकवते असं लिहू नका, एक गिऱ्हाईक ठरवा, माझी एक मैत्रीण फक्त नोकरीच्या मुलाखतीची तयारी करून घेते आणि तिच्याकडे आता जागा नसते. हे उत्पन्न रिटर्नमध्ये दाखवा.

निघताना

काळे बंद बूट, गुडघ्याखाली येणारे स्कर्ट किंवा फॉर्मल पँट, पासपोर्ट साइजचे वीस-पंचवीस फोटो, सगळ्या कागदांचे स्कॅन मेलवर आणि एक संच आईकडे. पोचल्यावर मेडिकल होतं, वर्क परमिट होतं, विसा एक वर्षाचा वाढवून मिळतो आणि दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवावा लागतो, तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेवा, विसरलं की दंड. भारतीय दूतावासाचा नंबर सेव्ह करा आणि काही अडलं तर परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर तक्रार टाका, बघितली जाते.

सकाळी आठला झेंड्यापुढे सगळ्यांबरोबर उभं राहायचं, रोज, उशीर चालत नाही. वर्गात चाळीस-पंचेचाळीस मुलं असतात, पहिले दोन आठवडे आवाज बसतो, गरम पाणी आणि हळद जवळ ठेवा.

आणि सोडताना घाई करू नका. शेवटच्या पगाराआधी शाळेच्या लेटरहेडवर अनुभवाचं पत्र घ्या, इंग्रजीत, त्यात तारखा, वर्ग, आठवड्याचे तास आणि संचालकांची सही-शिक्का हवा, आणि वर्क परमिट रद्द केल्याचा कागद सोबत घ्या. ते पत्र माझ्याकडे अजून आहे, पुण्यात परत आल्यावर पहिल्या मुलाखतीत त्यांनी बी.कॉम.ची मार्कशीट उघडलीसुद्धा नाही, ते पत्रच वाचत बसले.